फळा, खडू आणि आगकाड्या

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि उद्याची पिढी' असा विषय दिला होता. मी फोन करून म्हटलं, अरे, हे मी ऑफिसात रोज ऐकते, इथं तरी सुट्टी द्या. त्यावर उत्तर आलं, "तुला काय बोलायचंय ते बोल, फक्त पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नको. तांबडा-पांढरा गार होतो." ही अट योग्यच आहे. त्यामुळं मी आज कार्टूनवर बोलणार आहे. 'डक टेल्स' किंवा 'जंगल बुक' नाही. त्याच्याही साठ-सत्तर वर्षं आधीची, आवाज नसलेली, काळी-पांढरी, थरथरणारी कार्टून्स. या शाळेच्या भाषणात ती कुठून आली, असं वाटेल. ती या शाळेतूनच आली आहेत, आणि शेवटी मला संयोजकांकडं एक मागणीही करायची आहे.

सहावीत आपल्याला शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास चित्रकलेचा असायचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी झाली, की सर कधीकधी वर्गाकडं पाठ करून फळ्यावर काहीतरी काढायला लागायचे. एका शनिवारी त्यांनी एक पैलवान काढला. जाड मान, मिशा, लंगोट, मागं एक झाड. मग पैलवानाच्या नाकावर एक ठिपका काढला. ती माशी. मग सरांनी अंगठ्यानं पैलवानाचा उजवा हात पुसला आणि तोच हात थोडा वर काढला. परत पुसला, अजून वर काढला. माशी पुसली, कानावर काढली. हात गेला कानाकडं. माशी टकलावर. असं करत करत शेवटी पैलवानानं स्वतःलाच अशी चपराक मारली, की पुढच्या चित्रात त्याचे पाय वर आणि डोकं खाली. आणि माशी? माशी झाडावर.

या सगळ्या वेळात सर एक शब्द बोलले नाहीत. पण वर्ग गप्प नव्हता. माशीचा आवाज मागच्या बाकावरून येत होता आणि तो काढणारा आज इथं दुसऱ्या रांगेत बसलाय, चांगला डॉक्टर झालाय. चपराकीला सगळ्यांनी मिळून बाक बडवला, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. त्या रागवायला आल्या होत्या, पण पैलवान उठेपर्यंत थांबल्या.

आता मी इंजिनिअर आहे, त्यामुळं हिशेब करायची सवय आहे. सरांनी त्या तासात साधारण पंधरा-सोळा बदल केले असतील. मूकपटाच्या जमान्यात कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवत. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा. याचा अर्थ सरांनी आम्हाला पूर्ण तासभर जे दाखवलं, ते पडद्यावर एका सेकंदाचं कार्टून झालं असतं. आणि आम्ही साठ पोरं ते एक सेकंद अर्धा तास बघत होतो. दोन चित्रांच्या मधलं सगळं आमच्या डोक्यात घडत होतं.

परवा मी सरांना फोन करून याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "कार्टून-बिर्टून काही नाही गं, घंटा व्हायची होती, वेळ काढत होतो." सर, तुम्ही वेळ काढत होता, पण सिनेमातलं कार्टून सुरू झालं ते नेमकं असंच.

१९०६ साली अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन नावाच्या माणसानं एक तीन मिनिटांचा चित्रपट केला. त्यात काय आहे? एक काळा फळा आणि खडू. फळ्यावर एक बाई आणि एक पुरुष काढलेले आहेत. पुरुष सिगारचा धूर सोडतो आणि बाईचा चेहरा त्यात झाकून जातो. थोडं पुसायचं, थोडं काढायचं, एक चित्र टिपायचं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९०८ मध्ये, पॅरिसमध्ये एमिल कोल यांनी 'फँटास्मागोरी' केला. तो सुमारे सातशे चित्रांचा आणि दोन मिनिटांच्या आतला. गंमत अशी, की कोल यांनी पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी चित्रं काढली होती. पण पडद्यावर त्यांनी ती उलटी करून, म्हणजे निगेटिव्ह करून दाखवली. का? तर बघणाऱ्याला ती फळ्यावर खडूनं काढल्यासारखी वाटावीत म्हणून. कागद असतानाही त्यांना फळाच हवा होता!

आणि सर, तुमच्या माशीलाही एक मोठा भाऊ आहे. विन्झर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराचा १९१२ सालचा चित्रपट आहे. झोपलेल्या माणसाला एक डास चावतो, चावतो, फुगत जातो आणि शेवटी फुटतो. यूट्यूबवर आहे, जेवण झाल्यावर बघा, आधी नको.

ही झाली बाहेरची गोष्ट. आपल्याकडं काय चाललं होतं? आपण कोल्हापूरची माणसं सिनेमाचं नाव निघालं, की लगेच छाती काढतो. काढूच, पण आधी थोडं कल्याण आणि नाशिककडं जाऊन येऊ.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, समोर पडदा, आणि काचा सरकवून हलवलेली माणसं. संवाद आणि गाणी माणसं तिथंच म्हणायची. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो जुलै १८९६ मध्ये, म्हणजे यानंतर चार वर्षांनी.

मग दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधी, लंडनहून कॅमेरा आणल्यावर, त्यांनी काय टिपलं? एका कुंडीतला वाटाणा. रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले आणि पडद्यावर दाखवताना बी फुटून वेल डोळ्यांसमोर वाढली. 'अंकुराची वाढ'. तेवढ्या फिल्मवर त्यांना पुढच्या चित्रपटासाठी कर्ज मिळालं. सिनेमासाठी पैसे मागायला जाताना या माणसानं राजा, राणी, देव, युद्ध काही दाखवलं नाही, वाटाणा दाखवला. मला ही गोष्ट फार आवडते.

इथं सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती पाडायचं काम त्या करत, फिल्म धुवायची रसायनं कालवत, उन्हात पांढरी चादर धरून चेहऱ्यांवर उजेड पाडत, वर युनिटच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. आजच्या भाषेत कॅमेरा विभाग, लॅब आणि कँटीन एकत्र. आमच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो, तेव्हा हे नाव मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं आणि परदेशातून येणारी कच्ची फिल्म मिळेना, पैसाही आटला. या टंचाईत फाळक्यांनी छोटे छोटे चित्रपट केले. त्यातला १९१५ चा एक म्हणजे 'आगकाड्यांची मौज'. नावातच सगळं आलं. नट नाहीत, पडदे नाहीत, पोशाख नाहीत. काडेपेटीतल्या काड्या. एक काडी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र. परत सरकवायची, एक चित्र. एमिल कोल यांनी फ्रान्समध्ये काड्यांचा असा खेळ १९०८ सालीच केला होता. पण नाशिकच्या घरात, युद्धाच्या काळात, कमीत कमी फिल्ममध्ये काय करता येईल, तर घरातल्या काड्या नाचवता येतील, हे सुचायला फाळकेच लागतात. एक मिनिटाला ९६० चित्रं लागतात. ९६० वेळा काड्या सरकवायच्या, तेही आधीची काडी धक्का लागून हलू न देता. घरात लहान पोरं असताना हे करून बघा.

भारतीय अॅनिमेशनचा इतिहास या चित्रपटापासून सांगितला जातो, आणि आज तो नाही. एकही प्रत उरलेली नाही. मी तो बघितलेला नाही, तुम्ही नाही, तुमच्या आजोबांनी बघितला असेल तर माहीत नाही. फाळके काम करताना दिसतात असे १९१७ च्या एका माहितीपटाचे तुकडे उरलेत, 'कालिया मर्दन' बराचसा उरलाय, काड्या मात्र गेल्या.

आता कोल्हापूर. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आपण त्याच्या शेजारून सायकली हाणत गेलोय. बाबूराव पेंटरांनी फाळक्यांचा सिनेमा बघितला आणि आनंदराव पेंटरांबरोबर कॅमेराच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले. तरी बाबूरावांनी, दामल्यांना हाताशी घेऊन, १९१८ पर्यंत तो पुरा केला. सुतारकाम आणि यंत्रकाम कोल्हापुरातलं. १९२० ला त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री'. पुढं याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ ला इथं 'प्रभात' काढली.

तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कमध्ये मिकी माऊस शिट्टी वाजवत पडद्यावर आला, आवाजासकट. त्याच्या सातच महिन्यांनी आपली प्रभात मूकपट काढायला बसली. त्या वेळी जगातला सगळ्यात लाडका कार्टून-नट मिकी नव्हता, फेलिक्स होता. १९१९ पासूनचं काळं मांजर. फेलिक्सला बोलता येत नव्हतं, पण विचार पडला की त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटायचं, आणि तो ते चिन्ह हातात घेऊन त्याचा आकडा करून वर चढायचा. शेपटी काढून काठी करायचा. आवाज आला आणि फेलिक्स मागं पडला. कारण साधं आहे. जो सगळं रेघेनं सांगतो, त्याला बोलायला लावलं की त्याच्या रेघेला काम उरत नाही. मिकीचे चाहते माझ्यावर रागवतील, रागवू देत.

प्रभातनंही कार्टून केलं. 'जंबूकाका', १९३४, रघुनाथ केळकरांनी केलेलं. पण कंपनी १९३३ ला पुण्याला गेली होती. म्हणजे जंबूकाका आपल्या हातून एका वर्षानं हुकला. पुण्याबद्दलच्या आपल्या तक्रारींच्या यादीत ही एक वाढवा.

आपल्या लहानपणी या सगळ्यातलं काय शिल्लक होतं? फिल्मचे तुकडे. टॉकीजच्या आसपास चार आण्याला मिळायचे. फ्यूज गेलेल्या बल्बचं बूड फोडून आत पाणी भरायचं, आरशानं ऊन आत घ्यायचं, मध्ये फिल्म धरायची, समोर चादर. आमच्या वाड्यात दुपारी असे शो व्हायचे. एकदा एकानं लांबलचक तुकडा आणला, दहा-बारा चित्रांचा, आणि सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडली. "सगळी चित्रं सारखीच आहेत, फसवलं तुला!" खरंच सारखी दिसत होती. हिरोचा हात पहिल्या चित्रात जिथं, तिथंच दुसऱ्यात. फरक एखाद्या केसाएवढा. पण तो केसाएवढा फरक म्हणजेच सिनेमा. पंचवीस वर्षांनी त्याच फरकावर माझा पगार सुरू झाला.

माझं काम व्हिडिओ कॉम्प्रेशनचं आहे. आईला मी सांगते, "व्हिडिओ दाबून लहान करते." ते काय असतं, दोन मिनिटांत सांगते. मोबाईलवर व्हिडिओ येतो तेव्हा प्रत्येक चित्र अख्खं पाठवत नाहीत. तसं केलं तर तुमचा महिन्याचा डेटा एका लग्नाच्या व्हिडिओत संपेल. एक चित्र पूर्ण पाठवतात. पुढच्या चित्रात जे बदललं, तेवढंच. मागची भिंत तीच आहे ना, मग परत कशाला? हात हलला, तर फक्त हात, तोही 'मघाचाच हात, एवढा वर' असं सांगून.

नोकरीला लागल्यावर हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा मला फळ्यावरचं झाड आठवलं. सरांनी झाड एकदाच काढलं होतं. तासभर त्याला हात लावला नाही. पुसला तो फक्त हात आणि माशी. मॅकेला हे सुचलं नव्हतं. त्याच्या १९१४ च्या 'गर्टी' या डायनासोरच्या चित्रपटात हजारो कागद आहेत आणि प्रत्येक कागदावर मागचे तेच डोंगर एका तरुण मदतनिसानं पुन्हा पुन्हा गिरवलेत. म्हणून तर त्यातले डोंगर थरथरतात. त्याच वर्षी अर्ल हर्ड नावाच्या माणसानं पेटंटसाठी अर्ज केला. डोंगर एकदाच काढा, हलणारं पात्र पारदर्शक सेल्युलॉइडवर काढून वर ठेवा. पुढची पन्नास-साठ वर्षं जगातली बहुतेक कार्टून्स याच युक्तीवर झाली, आणि माझं ऑफिसही, थोड्या फरकानं, याच युक्तीवर चालतं. डस्टर आणि अंगठा असला की ती युक्ती आपोआप सुचते. फळा ती शिकवतो.

गेल्या महिन्यात मी आपल्या ग्रुपवर 'आगकाड्यांची मौज'बद्दल लिहिलं, तर लगेच उत्तर आलं, "अगं, एआयला सांग, पाच मिनिटांत बनवून देईल." देईल की. छान काड्या नाचतील, जुन्या फिल्मसारखे ओरखडेसुद्धा पडतील. पण त्या फाळक्यांच्या काड्या नसतील. पाहिली काडी कुठं सरकली, काड्यांची माणसं झाली की फुलं झाली, हे कुठल्याही मशीनला माहीत नाही, कारण ते कुठंच उरलेलं नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले म्हणतात, आज उरलेत ते काही डझन, तेही बरेचसे तुकड्यांत. काही जळाले, कारण ती नायट्रेटची फिल्म भपकन पेटते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशाच फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळं गेली. काही फिल्म्स तर चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' आज आपल्याला बघता येत नाही, त्यांनीच पुढं केलेला बोलपट बघावा लागतो. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते ती वस्तू करण्याची रीत, आणि ती शिकायला लागतो एक फळा.

म्हणून आता मागणी. आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी जमवलाय आणि त्यातून दोन डिजिटल फळे बसवायचं ठरलंय. चांगलं आहे, मी स्वतः वर्गणी दिली आहे. परवा शाळेत आले, तेव्हा कळलं की त्यातला एक चित्रकलेच्या हॉलमध्ये लागणार आहे, आणि त्यासाठी तिथला जुना काळा फळा काढणार आहेत, कारण प्लगपॉइंट त्याच भिंतीला आहे. प्लगपॉइंट दुसऱ्या भिंतीला घेता येतो. वायरिंग करणारे आपल्याच तुकडीत दोघं आहेत, मी त्यांच्याशी बोलले, ते एका सकाळचं काम म्हणतात. तो फळा राहू द्या.

दुसरी गोष्ट जरा खर्चाची आहे. सर निवृत्त झाल्यापासून शाळेत चित्रकलेचा पूर्ण वेळ शिक्षक नाही. तो तास कधी गणिताला जातो, कधी सुट्टीला. ते पद भरणं आपल्या हातात नाही. पण आठवड्याला दोन दिवस येणाऱ्या एखाद्या कलाशिक्षकाचं मानधन आपल्या हातात आहे. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज् मधून दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात. दोनाऐवजी एकच डिजिटल फळा घेतला, तर उरलेल्या पैशात दोन वर्षांचं मानधन बसतं. आकडे मी खजिनदारांना लिहून दिलेत, त्यांनी ते तपासलेत, आणि त्यांचा चेहरा तुम्ही बघताय, ते 'नाही' म्हणत नाहीयेत. संध्याकाळच्या बैठकीत हा विषय घ्यावा, एवढंच.

ज्यांना पटत नाही, त्यांनी उद्या सकाळी साडेनऊला चित्रकलेच्या हॉलमध्ये या. आपली मुलं-मुली आणि सातवीच्या वर्गातली वीस पोरं येणार आहेत. मोबाईल उलटा टांगायला मी स्टँड आणलाय, दोन टेबल-लॅम्प आहेत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा सेकंदांची 'आगकाड्यांची मौज' करायची, म्हणजे १६० चित्रं. सर फळ्यावर पहिली आखणी करून देणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलंय, पैलवान काढणार की नाही ते मात्र सांगितलेलं नाही. प्रत्येकानं काड्यांच्या दोन पेट्या आणाव्यात. पेटवायच्या नाहीत. आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही मागच्या बाकावर बसायला या, माशीला आवाज लागणार आहे.